घामातला पालाश

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पोटॅशियम नवं नाही. तो त्याला पालाश म्हणतो. नत्र, स्फुरद, पालाश ही तीन नावं खताच्या दुकानात जाणाऱ्या कोणालाही पाठ असतात. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या केळीबागांत पालाशची मात्रा कमी पडली तर घड भरत नाही, हे तिथला पोरगाही सांगेल. पावसानं ओढ दिली, सोयाबीन-कापूस माना टाकायला लागले, की १३:००:४५ची फवारणी करतात. त्यातला शेवटचा आकडा पालाशचा. पानांवरची रंध्रं उघडण्या-मिटण्याचं काम पालाशवर चालतं, म्हणून ताण सोसायला पिकाला ते लागतं. हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्या स्वतःच्या अंगातल्या पालाशचं भर उन्हाळ्यात काय होतं, हे मात्र त्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत या भागात दोन दृश्यं रोज दिसतात. पहाटे साडेपाचला नांदेडच्या मैदानांवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. दुसरं दृश्य दुपारचं, लातूरच्या आडत बाजारातलं. पाठीवर तुरीचं पोतं घेऊन हमाल ट्रकच्या फळीवर चढतो. अंगातला सदरा वाळला की खांद्यावर, पाठीवर पांढऱ्या रेषांचे नकाशे उमटतात. पोटरीत गोळा आला की दोघांनाही एकच सल्ला मिळतो: पोटॅशियम कमी झालंय, केळं खा. हा सल्ला कितपत खरा? घाम, क्षार आणि गोळे यांवर जगात गेली शंभर वर्षं वाद चालू आहे. तो वाद आज कुठवर आला आहे, हे इथं मांडायचं आहे.

घामात असतं काय

सदऱ्यावरच्या त्या पांढऱ्या रेषा पोटॅशियमच्या नसतात, त्या मिठाच्या असतात. एक लिटर घामातून सरासरी ९०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम जातं. माणसागणिक यात फार फरक असतो. कोणाचं चारशे-पाचशे, तर कोणाचं अठराशेपर्यंत. पोटॅशियम त्या मानानं थोडं, लिटरमागे साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम, आणि माणसामाणसांतला फरकही कमी.

दोघांचा शरीरातला मुक्काम वेगळा आहे. सोडियम प्रामुख्यानं पेशींच्या बाहेर, रक्तात आणि भोवतालच्या द्रवात राहतं. पोटॅशियम पेशींच्या आत. सत्तर किलोच्या माणसात सुमारे १३५ ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यातलं ९८ टक्के पेशींत, तेही बहुतांश स्नायूंत. बाहेर उरतं ते अडीच-पावणेतीन ग्रॅम. रक्त तपासून आपण या पावणेतीन ग्रॅमचा अंदाज घेतो आणि त्यावरून १३५ ग्रॅमच्या कोठाराबद्दल बोलतो. ही अडचण पुढे पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

आधी साधा हिशेब करून पाहू. सकाळी तासभर पळणाऱ्या मुलाला लिटरभर घाम आला, तर त्यातून सुमारे २०० मिलिग्रॅम पोटॅशियम गेलं. एका मध्यम केळ्यात साडेतीनशे ते चारशे असतं. म्हणजे अर्ध्या केळ्यात त्याची भरपाई झाली. हमालाचा हिशेब वेगळा आहे. आठ तासांच्या अंगमेहनतीत पाच-सहा लिटर घाम जाणं अशक्य नाही. तेव्हा हजार-बाराशे मिलिग्रॅम गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२०मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ३५०० मिलिग्रॅमचं प्रमाण सांगितलं आहे. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा फक्त घामावाटे, तोही रोज.

माझ्या मते या सगळ्या वादाचं मूळ इथंच आहे. एका तासाचा घाम आणि एका हंगामाचा घाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बऱ्याचदा एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं गेलं आहे.

आधी मीठ, मग पोटॅशियम

घामाचा अभ्यास खेळाडूंपासून सुरू झाला नाही, कामगारांपासून झाला. १९२३ साली इंग्लंडमध्ये मॉस या संशोधकानं खोल, उष्ण कोळसाखाणीतल्या कामगारांच्या गोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घामावाटे मीठ जातं, कामगार वर नुसतं पाणी पितात आणि मग स्नायू आखडतात, असं त्याचं म्हणणं. १९३०च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरणाचं काम चालू होतं. वाळवंटातल्या त्या उन्हात कामगार कोसळत होते. हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीची मंडळी १९३२मध्ये तिथं जाऊन राहिली आणि त्यांनीही मिठाकडेच बोट दाखवलं. कामगारांना मीठ देण्याची पद्धत तिथून रूढ झाली. पोटॅशियमचं नाव तेव्हा कोणी फारसं घेत नव्हतं.

ते घ्यावं लागलं एका आडवळणानं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिशिगन विद्यापीठातले डॉ. जेरोम कॉन उष्ण प्रदेशांत लढणाऱ्या सैनिकांसाठी घामाचा अभ्यास करत होते. तापवलेल्या खोलीत माणसं काही दिवस राबली की त्यांचा घाम अळणी होत जातो, हे त्यांनी बारकाईनं नोंदवलं. शरीर मीठ राखायला शिकतं. हे काम अधिवृक्क ग्रंथींचा एक स्राव करतो, असा त्यांचा कयास होता. त्या स्रावाला पुढे अल्डोस्टेरॉन असं नाव मिळालं. १९५४ साली त्यांच्याकडे ३४ वर्षांची एक रुग्ण आली. वाढलेला रक्तदाब, हातापायांत वारंवार येणारा अशक्तपणा, रक्तातलं पोटॅशियम फार कमी. उष्ण खोलीतल्या माणसांचा घाम तपासून तयार झालेल्या नजरेनं कॉन यांनी ओळखलं की हिच्या शरीरात तोच स्राव बेसुमार होतो आहे. ग्रंथीवरची गाठ काढली आणि ती बरी झाली. हा आजार आज कॉन यांच्याच नावानं ओळखला जातो.

आपल्या प्रश्नासाठी यातला कळीचा भाग असा: अल्डोस्टेरॉन सोडियम राखतं, पण त्याच वेळी मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर ढकलतं. उन्हाची सवय होताना शरीर मीठ वाचवतं आणि त्याची किंमत काही प्रमाणात पोटॅशियमनं मोजतं. त्यामुळे उन्हाळ्यात पोटॅशियम दोन वाटांनी जातं, एक घामाची आणि दुसरी लघवीची.

टेक्सासचे रंगरूट

१९७२ साली अमेरिकेतल्या जेम्स नॉकेल आणि सहकाऱ्यांनी टेक्सासच्या उन्हात खडतर प्रशिक्षण घेणाऱ्या सैनिकी रंगरूटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किरणोत्सारी पोटॅशियम शरीरात मिसळू देऊन त्यांनी एकूण साठा मोजला. रोजच्या जेवणातून जवळपास चार ग्रॅम पोटॅशियम मिळत असूनही अकराव्या दिवसापर्यंत साठा तेरा-चौदा ग्रॅमनं, म्हणजे सुमारे दहाव्या हिश्शानं घटला होता. घाम तर होताच. शिवाय साठा घटत असताना मूत्रपिंडांनी आवरतं घ्यायला हवं होतं, ते त्यांनी पुरेसं घेतलं नव्हतं.

याच सुमारास नॉकेल यांनी कुत्र्यांवर आणखी एक प्रयोग केला. काम करणारा स्नायू थोडं पोटॅशियम बाहेर सोडतो. त्यानं भोवतालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि स्नायूला वाढीव रक्त मिळतं. ज्याचा साठाच आटला आहे तो स्नायू पुरेसं पोटॅशियम सोडू शकत नाही. रक्त वाढत नाही, काम चालूच राहतं आणि स्नायू विरघळायला लागतो. विरघळलेल्या स्नायूतली द्रव्यं मूत्रपिंडात जाऊन अडतात. उन्हात कवायत करताना कोसळलेल्या तरुण, धडधाकट सैनिकांचं काय होत असावं, याचं हे एक सुसंगत स्पष्टीकरण होतं. ते वाचल्यावर घामातल्या पोटॅशियमकडे कोणी दुर्लक्ष करू धजणार नाही.

सुईनं काढलेला स्नायू

दुसऱ्या बाजूला इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठातले डेव्हिड कॉस्टिल उभे राहिले. ते खेळाडूंचे शरीरशास्त्रज्ञ. मांडीच्या स्नायूचा कणभर तुकडा सुईनं काढून थेट त्यातलं पोटॅशियम मोजायचं, ही त्यांची रीत. १९७६मध्ये त्यांनी घाम गाळून शरीरातलं पाणी वेगवेगळ्या प्रमाणात कमी झालेल्या माणसांचे स्नायू तपासले. १९८२च्या अभ्यासात तर जेवणातलं पोटॅशियम मुद्दाम खूप कमी करून काही दिवस रोज भरपूर घाम गाळायला लावलं. स्नायूंतल्या पोटॅशियममध्ये लक्षणीय घट दिसली नाही. लघवीतली गळती शरीरानं आवरली. घामातून जाणारं पोटॅशियम एकूण साठ्याच्या मानानं इतकं थोडं आहे की साधं जेवण जेवणाऱ्या खेळाडूनं त्याची चिंता करू नये, असा कॉस्टिल यांचा निष्कर्ष. क्रीडावैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत पुढे हीच बाजू मोठ्या प्रमाणात स्वीकारली गेली.

भारतातही हा प्रश्न हाताळला गेला. संरक्षण खात्याच्या दिल्लीतल्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेत, म्हणजे डिपासमध्ये, मल्होत्रा, श्रीधरन आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये उष्णतेच्या ताणाखाली घामावाटे जाणाऱ्या पोटॅशियमवर आणि १९८१मध्ये आहारातलं पोटॅशियम टप्प्याटप्प्यानं कमी करून काम करून पाहिलं. आपल्या हवेत, आपल्या माणसांवर केलेलं हे काम आपल्याकडे खेळाच्या मैदानावर किंवा आरोग्य केंद्रात क्वचितच कोणी सांगतं. ते सांगितलं जायला हवं.

नॉकेल आणि कॉस्टिल एकमेकांना खोटं पाडत नाहीत, असं मला वाटतं. एकाची माणसं दिवसभर उन्हात, नव्यानं भरती झालेली, न सरावलेली. दुसऱ्याची माणसं तंदुरुस्त, दिवसातले काही तास घाम गाळणारी, नंतर सावलीत. पण आडत बाजारातला हमाल किंवा वीटभट्टीवरचं जोडपं यांपैकी कोणात मोडतं? राबणं रंगरुटांसारखं, आणि जेवण मात्र रंगरुटांपेक्षा तुटपुंजं.

मोजण्यातच घोळ

घाम मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. सोपी रीत म्हणजे पाठीवर किंवा दंडावर शोषपट्टी चिकटवायची आणि तीत जमलेला घाम तपासायचा. अडचण अशी की बंदिस्त पट्टीखाली घाम साचून राहिला की तो कातडीच्या वरच्या थरातलंच पोटॅशियम ओढून घेतो आणि आकडा फुगतो. घाम सुटतानाच्या पहिल्या थेंबांतही पोटॅशियम जास्त असतं. खरा आकडा हवा तर माणसाला आधी स्वच्छ धुऊन, बंद खोलीत सायकलवर व्यायाम करवून, नंतर अंग, कपडे, सायकल सगळं शुद्ध पाण्यानं धुऊन ते सगळं धुवण तपासावं लागतं. हे फार थोड्या प्रयोगशाळांना परवडतं. जुन्या लेखांत पोटॅशियमचे मोठे आकडे दिसतात त्याचं एक कारण हेच आहे.

आणखी एक गोष्ट वाचकानं ध्यानात ठेवावी. गेल्या काही दशकांत घामावरचं बरंच संशोधन खेळाडूंसाठी पेयं विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशांवर किंवा त्यांच्याच प्रयोगशाळांत झालं आहे. त्यामुळे ते चुकीचं ठरत नाही. त्यातलं काही अतिशय काटेकोर आहे. पण कोणता प्रश्न विचारायचा हे पैशावर ठरतं. बाटली विकत घेऊ शकणाऱ्याच्या घामाचा अभ्यास जास्त झाला आहे.

गोळा का येतो

सर्वसामान्य माणसाला या वादात रस असतो तो गोळ्यांमुळे. पोटरीत गोळा आला की बोटं वाकडी होतात, माणूस जागच्या जागी बसतो. गोळा मिठामुळे, ही खाणींपासूनची समजूत. पोटॅशियमचं नाव त्यात नंतर जोडलं गेलं.

१९९७मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मार्टिन श्वेलनस यांनी वेगळी मांडणी केली. गोळा म्हणजे थकलेल्या स्नायूचा आणि त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूचा बिघडलेला ताळमेळ. आवळण्याचा इशारा वाढतो, सैल करणारा कमी पडतो. केप टाऊनच्या ५६ किलोमीटरच्या टू ओशन्स शर्यतीतल्या धावपटूंचं रक्त त्यांनी तपासलं. गोळा आलेल्यांत आणि न आलेल्यांत पोटॅशियमचा असा फरक सापडला नाही की ज्यानं गोळ्याचं कारण उलगडावं. स्नायू हळूहळू ताणला की गोळा सुटतो, हा रोजचा अनुभवही याच बाजूनं बोलतो. ताणण्यानं अंगात क्षार थोडेच येतात?

अमेरिकेतल्या केव्हिन मिलर यांचे प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. विजेच्या सौम्य झटक्यांनी पायाच्या स्नायूत गोळा आणायचा आणि मग काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारं पाणी पाजायचं. दीडेक मिनिटात गोळा सुटायचा. इतक्या वेळात ते पाणी रक्तात पोचणं शक्यच नाही. घशातल्या मज्जातंतूंना बसलेल्या त्या आंबट झटक्यानंच काही घडत असावं, असा त्यांचा तर्क. केळ्यांचंही त्यांनी पाहिलं. दोन केळी खाल्ली तरी रक्तातलं पोटॅशियम जेमतेम वाढतं, तेही तासाभरानं. मैदानावर गोळा आल्यावर केळं खाऊन तो गोळा सुटत नाही. नंतर भूक भागते आणि साठ्यात भर पडते, ती वेगळी गोष्ट.

पण मिठाची जुनी मांडणी यानं निकालात निघालेली नाही. दिवसभर खारा घाम गाळून वर नुसतं पाणी पिणाऱ्या कामगाराला पोटापासून पायापर्यंत सगळीकडे जे पेटके येतात, ते शर्यतीच्या शेवटी एका पोटरीत येणाऱ्या गोळ्यापेक्षा वेगळे असावेत, असं मानणारे अभ्यासक आजही आहेत. मलाही ते पटतं. दोन्हींना आपण गोळाच म्हणतो, त्यामुळे एकाचा पुरावा दुसऱ्याला लावला जातो.

रक्ताचा आकडा फसवतो तेव्हा

जोरात व्यायाम चालू असताना रक्तातलं पोटॅशियम कमी होत नाही, उलट वाढतं. आवळणाऱ्या स्नायूंतून ते बाहेर सांडतं आणि थांबल्यावर काही मिनिटांत परत आत जातं. धावणं संपल्यावर लगेच काढलेलं रक्त आणि अर्ध्या तासानं काढलेलं रक्त वेगवेगळी गोष्ट सांगेल.

उष्माघातात हे आणखी गुंतागुंतीचं होतं. सुरुवातीला, धाप लागलेली असताना, पोटॅशियम पेशींत शिरतं आणि रक्तातला आकडा घसरतो. पुढे स्नायू विरघळू लागले, मूत्रपिंडं थकली, की तोच आकडा धोकादायक वर जातो आणि हृदयाचे ठोके बिघडवतो. म्हणून उन्हानं कोसळलेल्या माणसाला कोणी पोटॅशियम पाजायला धावू नये. आधी सावली, अंगावर पाणी, वारा, आणि ताबडतोब दवाखाना. २०१४च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या तेव्हाच्या पाच किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे मृत्यू झाले. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर १४ माणसं दगावली. अशा प्रसंगी पहिला प्रश्न क्षारांचा नसतो. वेळ कोणती, सावली किती, पाणी कुठं ठेवलं होतं, हे आधी विचारायला हवं.

उन्हाळ्यात दवाखान्यांत आणखी एक प्रकार येतो. धडधाकट तरुण सकाळी उठतो आणि पायच उचलत नाहीत. आदल्या दिवशी कष्ट झालेले असतात किंवा रात्री लग्नाचं गोडाधोडाचं जेवण. रक्तात पोटॅशियम फार कमी निघतं. घरचे म्हणतात, घामानं गेलं. पुष्कळदा ते शरीराबाहेर गेलेलं नसतं, पेशींत शिरून बसलेलं असतं, आणि त्यामागे एखादा आनुवंशिक दोष किंवा वाढलेलं थायरॉइड असतं. सलाईनमधून पोटॅशियम दिल्यावर पाय चालायला लागले म्हणून कारण शोधायचं सोडून देऊ नये.

ज्यांच्या बाबतीत घामाचा मुद्दा खरोखर गंभीर होतो, अशी माणसं गावात भरपूर आहेत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, जुलाब झालेले, दिवसभर उपाशी राबणारे. यांचं पोटॅशियम आधीच उतरणीला लागलेलं असतं. उलट ज्यांची मूत्रपिंडं निकामी होत आहेत, जे डायलिसिसवर आहेत किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांना शहाळं आणि केळंसुद्धा डॉक्टरांना विचारून घ्यावं लागतं. एकाच गल्लीतल्या दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

ताट

पोटॅशियम मिळतं कुठून, याचं उत्तर शोधायला मराठवाड्यात फार लांब जावं लागत नाही. लातूर हे तुरीच्या डाळीचं गाव. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे १४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, केळ्याच्या कितीतरी वर. माणशी पन्नास ग्रॅम डाळीचं घट्ट वरण म्हणजे सातशे. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला तीनशेच्या पुढे, म्हणजे तीन भाकरींत हजाराच्या आसपास. मूठभर शेंगदाणे, कांदा, पालेभाजी, वाटीभर ताक यांची थोडी थोडी भर. पुरण शिजवताना डाळीवरचं पाणी निथळून काढतात, त्यात डाळीतलं बरंचसं पोटॅशियम उतरलेलं असतं. आपल्याकडे ते फेकत नाहीत, त्याची कटाची आमटी होते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून, मीठ-लसूण घालून केलेली आंबील उन्हात निघणाऱ्या माणसाला पाणी, मीठ आणि पोटॅशियम तिन्ही देते. १९७० साली एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण जिंकणारे लातूरचे हरिश्चंद्र बिराजदार ज्या तालमीच्या संस्कृतीतून आले, तिथली बदाम-दुधाची थंडाई या हिशेबातही चोख बसते.

अडचण आहे ती ताट बदलण्याची. पॉलिशच्या तांदळात शंभर ग्रॅमला जेमतेम शंभरेक मिलिग्रॅम पोटॅशियम उरतं. भाकरीच्या जागी रेशनचा भात आला आणि डाळ महाग म्हणून वरण पातळ झालं, की पोट भरलेलं असूनही पोटॅशियम निम्म्यावर येऊ शकतं. घाम तेवढाच, जेवण मात्र रोडावलेलं. या हिशेबात मला घामापेक्षा ताटाची काळजी जास्त वाटते.

मिठाचं काय? एका लिटर घामाचं सोडियम भरून काढायला जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ लागतं, सपाट अर्ध्या चमच्याइतकं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सहा-सातशे मिलिग्रॅमसुद्धा, पण मीठ फार थोडं. केळ्यात तर नाहीच. घामाची भरपाई म्हणून एकटं शहाळं किंवा एकटं केळं त्यामुळे अपुरं पडतं. बैठं काम करणाऱ्यानं मीठ कमी करावं हा सल्ला योग्यच आहे. तो वीटभट्टीवरच्या माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

पाकीट

ओआरएसचं पाकीट हे या गोष्टीतलं आपलं, भारतीय उपखंडातलं पान. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं द्रावण पिंपांतून पाजलं आणि कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. आज एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. हे पोटॅशियम क्लोराइड म्हणजे रासायनिकदृष्ट्या म्युरेट ऑफ पोटॅश हे खतच, फक्त औषधी शुद्धतेचं. खताच्या पोत्यातलं चुकूनही तोंडात घालू नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

पाकिटातलं पोटॅशियम जुलाबाचा विचार करून ठरवलेलं आहे. जुलाबात घामापेक्षा कितीतरी जास्त पोटॅशियम जातं. म्हणून ओआरएस घामाला थोडं जादाच होतं, पण मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या माणसाला त्यानं अपाय होत नाही. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम नसतं. त्यात लिंबू पिळलं तरी थोडंच येतं. दुकानात मात्र गोड पेयं ओआरएसच्या नावाखाली विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव अशा पेयांवर वापरायला मनाई केली. आरोग्य केंद्रातून पाकीट मागून आणणं आणि बाटली विकत घेणं, यांतला फरक आता तरी लोकांपर्यंत पोचावा.

काय सुटलेलं नाही

तासा-दोन तासांच्या व्यायामात घामावाटे जाणारं पोटॅशियम ही काळजीची बाब नाही, यावर बहुतेकांचं एकमत आहे. पुढचा रस्ता धूसर आहे.

महिनोन्महिने उन्हात राबणाऱ्या, कमी डाळ खाणाऱ्या माणसाचा साठा किती घटतो? मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर, निकाराग्वा इथल्या ऊसतोड कामगारांत मूत्रपिंड निकामी होण्याची साथच दिसली आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या रक्तात पोटॅशियम कमी आढळलं. ते आजाराचं कारण की परिणाम, हे ठरलेलं नाही. मराठवाड्यातून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आपल्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्या मूत्रपिंडांकडे या नजरेनं पाहिलं जायला हवं.

बाईचा घाम तर या शास्त्रात जवळजवळ नाहीच. वर आलेले जवळपास सगळे अभ्यास पुरुषांवरचे आहेत. कापूस वेचणारी, भट्टीवर विटा वाहणारी, २०१६च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या लातुरात, हंडे घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई. आडोसा नाही म्हणून शेतात पाणीच कमी पिणारी बाई. तिच्या घामातलं, लघवीतलं, ताटातलं पोटॅशियम कोणी मोजलं आहे? घरात सगळ्यांच्या मागून जेवताना तिच्या वाट्याला वरणाचा कोणता थर येतो, तेही या प्रश्नात धरावं लागेल.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. दिवसभराची लघवी जमवून तपासली तर मूत्रपिंड पोटॅशियम राखून ठेवतं आहे की सोडतं आहे, हे बऱ्यापैकी कळतं. जेवण लिहून घेता येतं. घामाचा अंदाज वजनावरून येतो: कामाआधी वजन, कामानंतर वजन, मध्ये प्यायलेलं पाणी धरून आणि लघवी वजा करून. एक किलो फरक म्हणजे साधारण एक लिटर घाम.

लातूरच्या आडत बाजारात वजनकाटे जागोजाग आहेत. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी हमाल त्यांच्याशेजारीच बसलेले असतात. डबा कडेला ठेवलेला असतो: दोन-तीन भाकरी, ठेचा, कांदा, कधी पातळ वरण. अकराच्या सुमारास ऊन चढतं, पहिला ट्रक लागतो, आणि दिवसभरात त्या काट्यांवर तुरीचं प्रत्येक पोतं ग्रॅमपर्यंत तोललं जातं.